पिंक फ्लॉइडचा अल्बम पुनर्मीलनाचा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या २०१४ सालच्या ‘द एंडलेस रिव्हर’ला पुनर्मीलनाचा अल्बम म्हटले आहे, ते मला पटले नाही. बँडचे चौघे सदस्य एकत्र आले ते २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, तब्बल २४ वर्षांनी, आणि तेही मोजक्याच गाण्यांपुरते. की-बोर्डवादक रिचर्ड राइट २००८ मध्ये वारले. या अल्बममध्ये रॉजर वॉटर्स नाहीत, आणि डेव्हिड गिलमोर व निक मेसन यांनी १९९३-९४ च्या ध्वनिमुद्रणांत उरलेले राइट यांचे वादन जपून बाहेर काढून त्याभोवती नवे सूर रचले आहेत. म्हणूनच तो बहुतांशी वाद्यसंगीताचा आहे.

आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका गेले, त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी त्यांची जुनी कॅसेट लावून मंडळींनी तिच्यावर खंजिरी धरली होती. भात्याची घरघरसुद्धा तीत ऐकू येत होती. कापूस वेचून आल्यावर रात्री हा अल्बम ऐकताना मला तोच गुरुवार आठवतो.

पुरवणीत राइट यांचे नावही आले नाही, याचे फार वाईट वाटले. त्यांच्या वादनावर स्वतंत्र लेख द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ