आपल्या सीपीयूचं काय करू ते सांग

अमळनेर
जानेवारी 2026

सच्या भो,

दिवाळीला तुझा एवढा मोठा मेसेज आला आणि मी त्याला नुसता अंगठा दाखवून गायब, यावर काय शिव्या द्यायच्या त्या भेटल्यावर दे, आत्ता ऐक. आईची शुगर कंट्रोलमध्ये आहे, अण्णांचा गुडघा होता तसाच, मी ठणठणीत. झालं. मुद्दा आपल्या सीपीयूचा आहे. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू "बघतो" लिहून मोकळा झाला असता, म्हणून हे पुराण.

आपला म्हणतोय कारण त्यातल्या 750 टीआय ग्राफिक्स कार्डचे पैसे तू भरले होते, ते मी दिले नाही आणि तूही मागितले नाही, म्हणजे कायद्याने ते कार्ड तुझं. तर ते गेलं. रात्री काउंटर स्ट्राइक 2 हा गेम चालू, भुऱ्या आणि पप्या दोघं लाइनवर, मी बॉम्ब लावतोय आणि स्क्रीन काळी. आवाज येऊन राहिला, भुऱ्या शिव्या देऊन राहिला, दिसत काही नाही. मग नेहमीचं सगळं केलं, रॅम काढली, खोडरबरने घासली, परत बसवली, काही नाही. शेवटी कार्ड उपसून मॉनिटरची केबल डायरेक्ट बोर्डाला लावली तर विंडोज आलं ना भो! म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, वीज देणारा एसएमपीएस जिवंत. कार्डचा पंखा खोलला तर खाली जिनिंगची रुई, फिनमध्ये नमदा ठोकल्यासारखी घट्ट, टाचणीने उकरून काढली तेव्हा लांबलचक एकच पट्टी निघाली. त्यातून 45 डिग्रीचे उन्हाळे काढलेत बिचाऱ्याने. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये नेऊन आलो, एक जण म्हणे चिप गेली, गरम करून चालू करून देतो पण गॅरंटी नाही. म्हटलं राहू दे.

मिताली म्हणते अकरा वर्षांच्या डब्यासाठी एवढं काय सुतक पाळायचं, आणि तिचं गणित चूक नाहीये, सीएचबीचं, म्हणजे तासावर शिकवण्याचं, मानधन दोन सत्रांपासून अडकलंय, ट्युशनचे मिळून माझ्याकडे 15 हजार आहेत आणि त्यात हेल्मेटही घ्यायचंय. विप्रो ज्या गावात 1945 ला तेल-डालड्यापासून सुरू झाली, जिच्या शेअरवर इथली साधी साधी माणसं करोडपती झाली, त्या गावात बसून मी 8 जीबी रॅमचा भाव करतोय. आपल्या आजोबांनी एक शेअर घेतला असता तर, पण त्यांना म्हशी आवडायच्या.

नवीन घेण्याचं तर नावच काढू नको. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा बाजार असा खेचलाय की नवी डीडीआर5 रॅम सोड, जुन्या डीडीआर4 चे भाव ऐकून दुकानाबाहेर आलो. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की क्रुशियल हा त्यांचा ब्रँड बंद, आता घरगुती गिऱ्हाईक नको.

म्हणून दोन रस्ते. पहिला, आहे त्याच बोर्डावर सेकंडहँड आरएक्स 580 कार्ड टाकायचं, 8 जीबीवालं, साडेपाच हजाराला मिळतंय. पण ते 185 वॅट खातं आणि त्याला 8 पिनची वायर लागते, आपल्या एसएमपीएसवर 450 लिहिलंय ते फक्त स्टिकरवर. (आणि हो, तेव्हा तू 960 कार्ड घे म्हणून माझं डोकं खाल्लं होतं, मी म्हटलं होतं की वायर नाहीये, 750 टीआय 60 वॅटमध्ये स्लॉटवरच चालतं. कार्ड अकरा वर्षं चाललं, 960 ने पहिल्याच उन्हाळ्यात एसएमपीएस उडवला असता. हे भांडण मी जिंकलोय, लेखी.) म्हणजे एसएमपीएसचे तीन हजार वेगळे. मग आपल्या आय5 4460 प्रोसेसरचे चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं, कार्ड बसलं की प्रोसेसर हाफायला लागणार, तर त्याजागी झिऑन 1231 व्ही3, त्याच सॉकेटमध्ये बसतो, आठ थ्रेड, पण त्याला ऑनबोर्ड ग्राफिक्स नाही, म्हणजे उद्या परत कार्ड गेलं तर केबल बोर्डाला लावायचीही सोय संपली. वर आपल्या एच81 बोर्डाचा कार्डाचा स्लॉट जुन्या पीसीआय 2.0 चा. सगळं करून साडेबारापर्यंत बसतं, आणि तरी विंडोज 11 नाही, कारण त्यांना आठव्या जनरेशनच्या खालचं चालतच नाही आणि 10 चा सपोर्ट गेल्या 14 ऑक्टोबरला संपलाच. लिनक्स टाकीन, काउंटर स्ट्राइक त्यावर चालतं, व्हॅलोरंट नाही चालत, पण व्हॅलोरंट कोणाला पाहिजे, पप्याला, त्याला खेळता येत नाही.

दुसरा रस्ता दुकानदाराने दाखवलाय. कंपन्यांमधून निघालेले ऑफिसचे चपटे डेस्कटॉप, आय5 8500, एसएसडीसकट तेरा हजार, विंडोज 11 ओरिजिनल. त्यात कार्ड बसतं ते फक्त बुटकं, 1650 लो प्रोफाइल, 75 वॅटवालं, साडेसातला. एसएमपीएस त्या कंपनीचा स्वतःचा, बोर्डही तसाच, म्हणजे पुढे काही बदलायचं म्हटलं तर हात बांधलेले. झाले साडेवीस, आणि मला म्हणे जुना सीपीयू एक्स्चेंजमध्ये द्या, अडीच हजार धरतो. अडीच! कार्ड नसताना का असेना, तो सीपीयू आपण भुसावळहून मांडीवर आणलाय पॅसेंजरमध्ये, दरवाजात बसून. त्याला हे काय कळणार, तो झाकण उघडून बोटाने धूळ पुसत होता आणि नाक मुरडत होता. मी तिथेच हो म्हणणार होतो खरं तर, डोक्याने दुसराच रस्ता बरोबर आहे, मितालीलाही तो चपटा टेबलावर बरा दिसतो. पण कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तू मार्करने तिघांचे स्कोअर लिहिलेत ना, ते दिसले आणि म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला विचारणार म्हणे. म्हटलं, पार्टनर आहे.

मला पहिलाच करायचाय, ते तुला कळलंच असेल. पण तू एकदा हो म्हण म्हणजे घरात सांगता येईल.

तुझं काय, ठाण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का, नोटीस पीरियड संपला का, पिल्लू बोलायला लागलं का? वहिनीला नमस्कार. होळीला येणार म्हणाला होतास, तोवर भरिताची वांगी संपतील, थोडं आधी जमव. भुऱ्याच्या शेतात काटक्यांवर वांगी भाजू, कळण्याच्या भाकरी काकूंना सांगून ठेवतो.

आणि लॅमिंग्टन रोडला चक्कर मारशील तर तिकडचा 580 चा भाव विचार. कार्डांवर चालायचं ते इथेरियम क्रिप्टोचं मायनिंग 2022 ला बंद झाल्यापासून तीच पिळून काढलेली कार्डं बाजारात फिरताहेत, त्यामुळे दुकानातच लोड देऊन बघ, पंख्याचा आवाज ऐक. मुख्य म्हणजे जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर उघडून शेडर, म्हणजे कार्डातले छोटे कोअर, 2304 दिसताहेत का पाहा, 2048 असले तर ते नावालाच 580, आतून खालचं 570. दुकानदाराने मला रविवारपर्यंत मुदत दिलीय, त्याआधी फोन कर. दुपारी दोन ते चार नको, तास असतो.

तुझा,
पक्या

ता.क. मेलेलं कार्ड टाकलं नाहीये. तुझं आहे, आलास की घेऊन जा.