तेलाच्या बाटलीवर नुसतं झाडाचं नाव पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवणीत झाडांच्या सुगंधी तेलांवर अधूनमधून लेख येतात, मी ते आवर्जून वाचतो कारण याच तेलांच्या अ‍ॅनालिसिसचं काम मी करतो. पण बहुतेक लेख एकाच साच्यातले, अमुक झाडाचं तेल जंतू मारतं, तमुक झाडाचं सूज उतरवतं, झालं. झाडाच्या कुठल्या भागाचं तेल, त्यात काय किती, कुठल्या जंतूवर आणि किती प्रमाणात चाललं, ह्याचा पत्ताच नसतो, आणि सगळी मेख तर तिथेच आहे.

दालचिनीचंच घ्या. श्रीलंकेतली खरी दालचिनी, झाड एकच. सालीचं तेल काढलं तर त्यात मुख्यतः सिनामाल्डिहाइड येतं, पानांचं काढलं तर बहुतांश युजेनॉल, म्हणजे लवंगेत असतं तेच, आणि मुळांच्या सालीचं काढलं तर चक्क कापूर. आता नुसतं 'दालचिनीचं तेल' असं छापलं तर वाचकाने यातलं कुठलं समजायचं? सालीचं तेल कातडीला चांगलंच झोंबतं, तेव्हा हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कापराचं झाड तर त्याहून वरताण. दोन झाडं शेजारी उभी, दिसायला सारखी, एकाच्या पानात कापूर तर दुसऱ्याच्या पानात लिनालूल नावाचं फुलासारख्या वासाचं द्रव्य, आणि मादागास्करमधल्या त्याच जातीच्या पानांत निलगिरीतलं सिनिओल. याला कीमोटाइप म्हणतात, म्हणजे जात एक पण आतली केमिस्ट्री वेगळी. निलगिरीतसुद्धा जी आपण वास घेऊन ओळखतो तिच्यात सिनिओल ७० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच, पण लिंबाच्या वासाच्या निलगिरीत सिट्रोनेलाल जास्त. डासांसाठी जे चालतं ते या दुसरीच्या तेलापासून बनवलेलं पीएमडी नावाचं द्रव्य, कच्चं तेल नव्हे, ते लावलं तर थोड्या वेळात उडून जातं. आणि पीएमडीवालंसुद्धा ३ वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था सांगते, हे वाक्य मी लेखांत क्वचितच बघितलंय.

(जाता जाता, कडुलिंबाच्या बियांचं तेल या यादीत घुसडू नका. ते दाबून काढलेलं तेल, कागदावर टाकलं तर डाग राहतो. सुगंधी तेलाचा डाग बघता बघता उडून जातो.)

आमच्याकडे काम कसं चालतं तेही सांगतो. काचेच्या चंबूत पानं नाहीतर कळ्या आणि पाणी घालून उकळायचं, वाफ वर जाऊन थंड होते आणि बारीक खुणांच्या नळीत उतरते, तिथे तेल पाण्यापासून वेगळं होतं. निलगिरीचं तेल पाण्यावर तरंगतं, लवंगेचे थेंब मात्र खाली जाऊन बसतात कारण युजेनॉल पाण्यापेक्षा जड, त्यामुळे लवंगेसाठी काचेची नळीच वेगळी लागते. मग त्यातला किंचित भाग जीसी-एमएस मशीनमध्ये, म्हणजे घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रात, आणि आलेखावर एकेक घटकाचं शिखर उमटत जातं. लवंगेच्या कळीच्या तेलात एक युजेनॉलचं भलंमोठं, त्याच्या मागे कॅरियोफायलिन, मग युजेनिल अ‍ॅसिटेट. भेसळही इथेच पकडली जाते. लिनालूलचा रेणू डाव्या-उजव्या हातासारखा दोन रूपांत असतो, कापराच्या झाडाच्या पानातलं लिनालूल जवळपास सगळं एकाच 'हाताचं' असतं, कारखान्यातलं डावं-उजवं अर्धंअर्धं, त्यामुळे कोणी बाहेरून ओतलेलं असेल तर ही दोन रूपं वेगळी करणाऱ्या मशीनच्या खास नळीत, म्हणजे कॉलमवर, लगेच उघडं पडतं.

आता जंतू मारण्याचं. हे खोटं नाहीये. ही द्रव्यं चरबीत विरघळणारी, त्यामुळे जंतूच्या पेशीच्या पातळ आवरणात शिरतात, ते ढिलं पडतं आणि आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर झिरपतं. पण स्यूडोमोनाससारख्या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो सहसा दाद देत नाही. शिवाय काचेच्या डिशमध्ये जंतू वाढवून त्यावर तेलाची कागदी चकती ठेवायची आणि भोवती जंतू न वाढलेला गोल मोजायचा ही पद्धत तेलांना नीट लागूच पडत नाही, तेल डिशमधल्या पाणीदार अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पसरत नाही, निम्मं उडून जातं आणि त्याची वाफ शेजारच्या चकतीवरही काम करते, म्हणजे लहान गोल म्हणजे कमकुवत तेल असं नाही आणि मोठा म्हणजे औषध असंही नाही. आणि किती लागतं ते बघा, अँटिबायोटिक मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये चालतं, तेलं बहुधा मिलिग्रॅममध्ये. हजारपटीचा फरक आहे हो! एवढं तेल रक्तात न्यायचं म्हटलं तर जंतूच्या आधी माणूसच आडवा होईल.

माणसांवर तपासलेल्या गोष्टीही आहेत, त्या जरूर छापा. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात मुरमांवर टी ट्री या तिथल्याच झाडाच्या ५ टक्के तेलाची तुलना मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाशी, ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडशी केली, तेलाचा गुण सावकाश आला पण त्रास कमी झाला. दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं सिमेंट वापरतात ते तर जुनंच आहे.

पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे पालुपद आता बंद करा. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, लवंगेच्या तेलाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जुनं तेल तर वेगळीच डोकेदुखी, लिनालूल आणि लिमोनिन (संत्र्या-लिंबाच्या सालीतलं द्रव्य) हवेत उघडी राहिली की ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड होतात आणि कातडीला अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांची, ताज्या तेलाची नव्हे. टी ट्रीचंही तेच, त्यामुळे झाकण घट्ट नसलेल्या जुन्या बाटलीतलं तेल अंगाला लावू नका हे ओरडून सांगायला पाहिजे.

टी ट्रीच्या तेलाला आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के हवा, सिनिओलवरही वरची मर्यादा. तेव्हा विनंती एवढीच की पुढचा लेख घेताना लेखकाला विचारा, झाडाचं शास्त्रीय नाव काय, भाग कुठला, मुख्य घटक किती टक्के आणि प्रयोग डिशमध्ये झाला की माणसांवर. उत्तर येत नसेल तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

आपला,
एक नियमित वाचक