सूचना : सराव पाठ आणि समुपदेशन सत्रांची तयारी

सर्व छात्राध्यापक आणि समुपदेशन गटातील सदस्यांसाठी,

पाठाचे टाचण आदल्या रात्री लिहू नका. मार्गदर्शकांची सही आधी, वर्ग नंतर. उद्दिष्टे दोनच ठेवा, तीही तपासता येतील अशी. ‘विद्यार्थ्यांना समजेल’ हे उद्दिष्ट नव्हे; ‘विद्यार्थी दोन उदाहरणे देतो’ हे तपासता येते. बहुतेक पाठ फसतात ते वेळेवर : प्रस्तावनाच दहा-बारा मिनिटे खाते आणि मूल्यमापनाच्या वेळी घंटा होते. शेवटची पाच-सहा मिनिटे आधीच राखून ठेवा, उरलेल्यात आशय बसवा.

सूक्ष्म अध्यापनात (लहान गटापुढच्या, थोड्या मिनिटांच्या सराव पाठात) एका वेळी एकच कौशल्य घ्या. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. थांबणे वाढले तेव्हा उत्तरे लांबली, गप्प मुलेही बोलू लागली. प्रत्याभरणानंतरचा (अभिप्राय मिळाल्यानंतरचा) पुनर्पाठ टाळू नका, खरी सुधारणा तिथेच दिसते.

समुपदेशन गटाने गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच सत्रात, सुरुवातीलाच सांगावी. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. जिवाला धोका दिसला तर पर्यवेक्षकांना त्याच दिवशी कळवावे लागते आणि मग विश्वास तुटतो. ध्वनिमुद्रणाला लेखी संमती हवी, अल्पवयीन असेल तर पालकांचीही. नोंदीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. पहिल्या सत्रात सल्ला नको. (शिक्षकी सवय असलेल्यांना हे सर्वांत जड जाते.)

निरीक्षण वह्या पाठ झाला त्याच दिवशी भराव्यात.