छापील संच घेण्याआधी

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. बालवाडीसाठी 'निरीक्षणशक्ती वाढवा' छापाचे संच मागवावेत का, असं विचारलंयस. एवढ्यात मागवू नकोस. त्यांतली बरीच पानं 'वेगळं चित्र ओळखा' या एकाच धर्तीची असतात, आणि वेगळं चित्र बहुधा रंगानंही वेगळं असतं. मूल रंगावरून बोट ठेवतं, आकाराकडे त्याचं लक्षही जात नाही, आणि आपण समजतो याला आकार कळला.

एका वेळी एकच फरक, हे धरून चाल. बालशिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसोरींच्या गुलाबी मनोऱ्यात १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंतचे दहा ठोकळे असतात, आणि रंग सगळ्यांचा एकच, म्हणजे लहान-मोठं सोडून बघण्यासारखं दुसरं काही उरत नाही. त्यांचीच दट्टापेटी, म्हणजे मापाप्रमाणे खाचांत बसणाऱ्या लाकडी दट्ट्यांचा ठोकळा, तर त्याहून गुणी. दहा दट्टे, दहा खाचा. मधे एक जरी चुकला तरी शेवटी कुठला तरी दट्टा खाचेत जात नाही किंवा सैल बसतो. चूक पेटीच दाखवते. त्यामुळे मूल अडलं की लगेच 'इथे घाल' म्हणायचं नाही, हे मदतनीस ताईंना आधी पटवून दे. फार कठीण जातं ते मोठ्यांना!

पेट्या महाग वाटल्या तर अडून राहू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले यांवर बालवाडी उभी केली. तू मापानं वेगळ्या करायला एकाच रंगाच्या बांगड्या जमव. आधी दोनच मापं, फरक ठसठशीत. ते सहज जमलं की तिसरं माप मधे घाल. चिंचोके, सागरगोटे, बटणं निवडायला चांगली, पण तीन वर्षांखालच्यांना देऊ नकोस. वाटाणा-हरभरा नाकात गेला तर ओलाव्यानं फुगतो आणि निघत नाही. गुंजा मात्र कुणालाच द्यायच्या नाहीत. लाल-काळ्या म्हणून मुलं त्यांच्यावर भाळतात, पण बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या बियांचंही तेच.

गर्दीतून हवं ते शोधण्यासाठी कप, किल्ली आणि पान यांच्या बाह्यरेषा एकमेकींवर काढ, पहिल्यांदा तीन रंगांत. मुलानं एकाच रेषेवरून बोट फिरवत वस्तूचं नाव सांगायचं. मग तेच चित्र नुसत्या काळ्या रेषेत. अडखळलं तर दोन वस्तूंवर ये. आठवणीसाठी तबक: चार वस्तू, सगळ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, थोडा वेळ बघू द्यायचं, रुमाल टाकायचा आणि एक काढून घ्यायची. काय गेलं? नावं घेतली नाहीत तर मूल वस्तू विसरलं की त्याला शब्दच सुचला नाही, ते तुला कळणार नाही.

जुन्या कॅलेंडरचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून कापशील तेव्हा सुरुवातीला चारच तुकडे कर, आणि प्रत्येकात ओळखीचं काहीतरी येऊ दे. नुसतं आभाळ आलेला तुकडा कुठे लावायचा हे मुलाला उमगत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ठिपक्यांच्या रांगोळीला दे. पाटीवर तीन ओळींत तीन-तीन ठिपके, कार्डावरही तेवढेच. कार्डावरची रेघ बघून मुलानं तशीच पाटीवर काढायची. कार्डावर आधी एक उभी रेघ, मग आडवी, मग दोन जोडलेल्या, तिरकी शेवटी. चौकोन साधारण साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास जमतो, त्रिकोण त्यानंतर, आणि शंकरपाळीचा आकार सहा-सातच्या आत मागूच नये. कार्ड दाखवताना मुलाच्या शेजारी बस. समोर बसलीस तर तुझं डावं त्याचं उजवं होतं आणि ते बिचारं उगाच चुकतं.

रांगोळीवर माझा भर आपल्या लिपीमुळे आहे. देवनागरीत खुणा अक्षराच्या चारही बाजूंना लागतात: वेलांटी पुढे की मागे, मात्रा एक की दोन, उकार खाली. 'कि' आणि 'की' यांत मुख्य फरक जागेचाच.

तरीही रांगोळी आली म्हणजे वाचन आलं असं नाही. मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रॉस्टिग यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत दृश्य आकलनाची, म्हणजे डोळ्यांना दिसलेलं समजून घेण्याची, पाच अंगं मांडून चाचणी आणि सरावपानं तयार केली. ती पुष्कळ शाळांत गेली. पुढच्या दशकात तपासण्या झाल्या, तेव्हा नुसत्या आकृत्यांच्या सरावानं वाचन सुधारल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. वाचनाला आधी शब्दांतले ध्वनी ऐकू यावे लागतात, आणि अक्षरांतला फरक अक्षरांवरच शिकावा लागतो.

त्यासाठी घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या एकत्र शिकवायच्या नाहीत. आधी 'म' पक्का होऊ दे, शब्दांत ओळखू येऊ दे. 'भ' काही आठवड्यांनी. मग दोन्ही शेजारी ठेव आणि फरकाची जागा दाखव: 'भ'ची शिरोरेघ तुटते आणि डावीकडे वर गाठ येते, 'म'ची सलग जाते. घ-ध मध्येही तेच, 'ध'ची तुटते. ब आणि ष यांच्या पोटातली रेघ हाच व-प पासूनचा फरक. तो भाग लाल करायची पद्धत आहे, पण काही मुलग्यांना लाल-हिरवं नीट वेगळं दिसत नाही, म्हणून तू जाड कर. पुढच्या कार्डात थोडा बारीक, मग इतर रेघांइतकाच. काचकागदाची अक्षरं कापलीस तर बोट लिहिण्याच्याच दिशेनं फिरतंय ना, तेवढं बघ.

३ आणि ६ उलटे काढणाऱ्यांची काळजी सातव्या वर्षापर्यंत करू नकोस. कपाचा कान कुठल्याही बाजूला असला तरी कप तोच, असंच मूल तोवर शिकलेलं असतं. अंकांना हे चालत नाही, हे कळायला वेळ लागतो.

मात्र एखादं मूल चित्र नाकाशी धरत असेल, मान वाकडी करून किंवा एक डोळा मिटून बघत असेल, तिरळं वाटत असेल, तर कार्डं बाजूला ठेव आणि पालकांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठव. एका डोळ्याची नजर मंद राहिली असेल तर उपचार जितके लवकर तितके लागू पडतात.

तुमच्याकडे कोणत्या अक्षरांपासून सुरुवात करतात ते कळव. क्रम लावून पाठवते.

तुझी,
मंदा