‘स्पाइन सेट’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत केंद्राने ठरवून दिली. मणका स्थिर ठेवण्यासाठी हाडात बसवायचे स्क्रू मात्र या मर्यादेबाहेरच राहिले. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत, म्हणजेच औषधांच्या किंमत-नियमांखाली, आली खरी. पण छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन. मुळातली किंमतच अवाच्या सवा असेल तर?

नुकतेच आईच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. हाडे ठिसूळ, साधा स्क्रू पकड धरेना. म्हणून टोकाशी छिद्रे असलेले पोकळ स्क्रू बसवून त्यांतून बोन सिमेंट (स्क्रू हाडात पक्का धरणारा लगदा) सोडले. ते काही मिनिटांत घट्ट होते. सिमेंट शिरेत झिरपून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका सर्जननी आधीच समजावला होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बिलात मात्र ‘स्पाइन सेट’ एवढेच, आणि पुढे लाखांतला आकडा! स्क्रू किती, कोणत्या कंपनीचे, सिमेंटचे वेगळे किती, काही नाही. वाण्याच्या यादीतसुद्धा साखर आणि डाळ वेगळी लिहितात.

उद्या एमआरआय काढायचा झाला किंवा स्क्रू सैल झाला, तर पुढचे डॉक्टर हेच विचारणार. इम्प्लांटच्या पाकिटावर बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवणे सक्तीचे करावे आणि राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने या स्क्रूंनाही कमाल किंमत लावावी.

– एक वाचक, सातारा