पैशाची चिंता नसती तर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात सांगलीतील एका शाळेत दहावीत शिकते. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला आणि पाहुण्यांनी प्रत्येकाला एका चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगितले : पैशाची चिंताच नसती, तर तुम्ही आयुष्यात काय केले असते? चिठ्ठ्यांवर नावे नव्हती आणि त्या वर्गात मोठ्याने वाचण्यात आल्या. बहुतेकांनी जग फिरण्याचे लिहिले होते, काहींनी महागड्या गाडीचे, आणि दोघांनी ‘आधी पोटभर झोपेन’ असे. झोपेच्या चिठ्ठ्यांना वर्ग हसला. पहाटे साडेपाचला क्लासला जाणारी मुले मला रोज दिसतात, त्यामुळे मला मात्र त्याच दोन चिठ्ठ्या सर्वांत प्रामाणिक वाटल्या.

या प्रश्नाविषयी लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण गेली सहा वर्षे मी त्याचे उत्तर जगतो आहे. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, पेन्शन वेळेवर येते, कर्ज फिटलेले आहे. श्रीमंत नाही, पण महिन्याच्या शेवटी आकडेमोड करावी लागत नाही. नोकरीत असताना मी सर्वांना सांगत असे की निवृत्तीनंतर गाणे शिकणार. प्रत्यक्षात पहिले वर्ष आमराईत फेऱ्या मारण्यात, दोन वर्तमानपत्रे जाहिरातींसकट वाचण्यात आणि घरातील कपाटे पुन्हा पुन्हा लावण्यात गेले. (कपाटांना या काळात जेवढी शिस्त लागली तेवढी बत्तीस वर्षांत लागली नव्हती, हे सौ. मान्य करतील.) दुसऱ्या वर्षी गाण्याच्या शिक्षकांकडे जाऊ लागलो, तेव्हा कळले की वेळ आणि फी दोन्ही हाताशी असूनही साठीतला गळा षड्जावर दहा सेकंद स्थिर राहत नाही.

आमच्या मेहुण्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी कवठेमहांकाळ भागातील त्यांची काही जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम खात्यात जमा झाली. त्यांनी बंगला बांधला, चारचाकी घेतली, देवदर्शन केले, मुलीचे लग्न थाटात लावले. इथपर्यंत सगळे नेहमीचेच. पण वर्षभरातच बंगल्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचे शेड उभे राहिले आणि त्यात दोन म्हशी आल्या. ‘आता या वयात शेणामुतात कशाला?’ असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘दाजी, चारला जाग येती. उठून करायचं काय?’ दुधाच्या पैशाची त्यांना आता गरज नाही आणि डेअरीत दर कमी लागला तर ते भांडतही नाहीत. मात्र धार काढायचे काम त्यांनी अजून गड्यावर सोपवलेले नाही.

गाण्याच्या निमित्ताने मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे जाणे-येणे सुरू झाले. तेथील तंतुवाद्यांची ख्याती वाचकांना सांगायला नको. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ही कला सुरू कशी झाली, हे त्या चिठ्ठ्यांच्या संदर्भात आठवण्यासारखे आहे. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या, हत्यारांचे काम गेले आणि पोटासाठी हे हात वाद्यांकडे वळले. आवडीचा पाठलाग करा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आवड कामातून आली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

एका दुकानात मी तासभर जवारी, म्हणजे तारेच्या नादातला गुंजारव, लावताना पाहिली. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने हलकेच घासतो, तार छेडतो, डोळे मिटून ऐकतो आणि पुन्हा घासतो. माझ्या कानाला तिसऱ्या वेळेनंतर काहीच फरक कळत नव्हता, तो मात्र आणखी वीस-पंचवीस वेळा थांबून ऐकत राहिला. नातीच्या वर्गातला प्रश्न मी त्यालाच विचारला. त्याने फार विचार केला नाही. ‘हेच करीन,’ तो म्हणाला, ‘फक्त परवा पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणीन.’

पैसा आला की माणूस काम सोडतो, या समजुतीत म्हणूनच अर्धेच तथ्य आहे, असे मला वाटते. हाताला एखादे काम मुरलेले असेल, तर पैशाने त्यातील घाई आणि लाचारी जाते आणि काम राहते. हात रिकामे असतील, तर उरतो जगप्रवास, आणि तोही दोन-चार महिन्यांत संपतो. विष्णुदास भावे यांना सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांनी नाटक करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले, तेव्हा खर्चाची काळजी संस्थानाने वाहिली होती हे खरे. पण भाव्यांच्या हातात बाहुल्या घडवण्याची कला आधीपासून होती. पुढे १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय तुटला, तरी त्यांनी नाटक सोडले नाही. मंडळी घेऊन ते बाहेर पडले आणि मुंबईत तिकीट लावून खेळ केले.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. नातीच्या वेळापत्रकात चित्रकला आणि कार्यानुभव यांचे तास छापलेले आहेत. प्रत्यक्षात त्या तासांना गणित आणि विज्ञान घेतले जाते, आणि ही पद्धत एकट्या तिच्या शाळेची नाही. ज्या मुलांनी पंधराव्या वर्षापर्यंत रंधा धरलेला नाही, वाद्य जुळवलेले नाही, रोप लावून जगवलेले नाही, त्यांना अचानक चिठ्ठी देऊन ‘मनात येईल ते लिहा’ म्हटले, तर मनात जाहिरातीत पाहिलेलेच येणार. यात मुलांचा दोष कसा म्हणावा?

जिल्ह्यातील शाळांनी हे तास मुलांना परत द्यावेत आणि वर्षातून निदान चार शनिवार त्यांना काम करणाऱ्या माणसांजवळ नेऊन बसवावे, अशी माझी विनंती आहे. सांगलीहून मिरज फार लांब नाही. हळदीचे सौदे याच शहरात निघतात, बेदाण्याची शेड तासगावला पाहायला मिळतात. एका वेळी आठ-दहाच मुले न्यावीत, कारण सतारमेकराच्या दुकानात त्याहून अधिक मावत नाहीत आणि गोंगाट झाला तर त्याला जवारी ऐकू येत नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली