त्या खडूस क्रिस्टिनाबद्दल

प्रिय मंजू,

परवा फोनवर 'ग्रेज अ‍ॅनॅटमी' या सर्जनांच्या अमेरिकन मालिकेवरून "ती क्रिस्टिना यांग म्हणजे नुसता दगड आहे गं, मला तर ओवेनची दया येते" एवढं बोलून तू मोकळी झालीस, तेवढ्यात तुला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं आणि माझं उत्तर घशातच राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबलं की सरळ पत्रच लिहिते आहे.

'ग्रेज अ‍ॅनॅटमी'त तू आठव्या सीझनपर्यंत पोचली आहेस. पुढचं सांगितलं तर तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे, कारण कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड शाळेपासूनची. आणि हो, त्या मालिकेत भूलतज्ज्ञांना जी वागणूक मिळते तिचा तुला येणारा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पेशंट उघडा पडलेला असताना सर्जन लोक एकमेकांच्या भानगडी चघळत बसतात आणि डोक्याशी बसून त्याला जिवंत ठेवणाऱ्याला अख्ख्या भागात एक वाक्य मिळत नाही. पण तो मुद्दा वेगळा.

तिच्या नवऱ्याची, ओवेनची, दया यायला माझी हरकत नाही. मलाही येते. त्याला मूल हवं होतं, आणि ते हवं असणं हा काही गुन्हा नाही. पण क्रिस्टिनाने आपल्याला मूल नकोय हे त्याच्यापासून लपवलं कधी? तरी लग्नानंतर हिचं मन बदलेल असं तो मनातल्या मनात धरून चालला. आपल्याकडेही किती जण असंच धरून चालतात, तूच सांग. आठव्या सीझनच्या सुरुवातीला (हे भाग अमेरिकेत सप्टेंबर २०११ मध्ये दाखवले गेले) ती गर्भपाताला जाते. तिची जिवलग मैत्रीण मेरेडिथ ओवेनला समजावते की आपण नको असलेलं मूल आहोत हे कळत मोठं होणं काय असतं ते मी भोगलंय. मग तो तिच्याबरोबर जातो, तिचा हात धरून बसतो. मला वाटलं, सुटले बिचारे. आणि नंतर मेरेडिथच्या मुलीच्या, झोलाच्या वाढदिवसाला, सगळ्यांच्या देखत, "तू आपलं मूल मारलंस" म्हणून ओरडतो. दया करायचीच तर त्या क्षणी कुणाची करायची ते ठरव.

तू म्हणतेस तिला भावनाच नाहीत. तिसऱ्या सीझनचा शेवट आठव. ओवेनच्या आधीचा तिचा प्रियकर, हार्ट सर्जन बर्क, याच्या हाताला गोळी लागल्यानंतर कंप सुटतो, तेव्हा तो लपवायला ही त्याच्या ऑपरेशनांत त्याचा हात झाली होती. स्वतःचं नाव पणाला लावून. पुढे तिनेच चीफला खरं सांगितलं, तर साहेबांनी अबोला धरला आणि शेवटी अबोला मोडला तो थेट लग्नाची मागणी घालून. मग सासूबाईंनी लग्नासाठी तिच्या भुवयासुद्धा काढून टाकल्या! ती मुकाट्याने सगळं करून घेते. आणि ऐन चर्चमध्ये त्या गृहस्थाला साक्षात्कार होतो की आपण हिला भलत्याच बाईत बदलायला निघालो होतो. घरी येऊन ती बघते: त्याचा ट्रम्पेट नाही, रेकॉर्डी नाहीत, लकी टोपी नाही, आजीचा फोटो नाही. एकेक वस्तू मोजते, आपण सुटलो म्हणते आणि दुसऱ्या क्षणी श्वास कोंडून किंचाळायला लागते. मेरेडिथ कात्रीने तिच्या अंगावरचा लग्नाचा झगा कापते. क्रिस्टिनाचं काम करणाऱ्या सँड्रा ओने तिथे जे केलंय ते पाहूनही तू दगड म्हणत असशील तर पुढे वाचू नकोस. बाईला २००६ साली गोल्डन ग्लोब मिळाला. एमीसाठी मात्र २००५ ते २००९ ओळीने पाच वर्षं नामांकन, आणि पाचही वेळा हात हलवत परत.

मला सगळ्यात आवडतो तो सातवा सीझन, जो बहुतेकांना रटाळ वाटतो. सहाव्याच्या शेवटी डोक्याला पिस्तूल लावलेलं असताना तिने मेरेडिथच्या नवऱ्याच्या, डेरेकच्या छातीतली गोळी काढली होती. इतर मालिकांत अशी बाई पुढच्या भागात फुलांचा गुच्छ घेऊन हसत कामावर हजर झाली असती. इथे ती थिएटरमध्ये गोठते, जमिनीवर पडून राहते, नोकरी सोडते. जिचं सगळं अस्तित्व तिच्या दोन हातांत होतं, तिचे हातच चालेनात. आणि तिला सावरतो कोण? नवरा नव्हे. तिने वाचवलेला डेरेक तिला मासे पकडायला घेऊन जातो, फारसं काही न बोलता. गळाला मोठा मासा लागतो आणि ती ढसाढसा रडते. ओवेनशी लग्नही तिने याच काळात केलं, लाल ड्रेस घालून, थोडंफार भीतीपोटी. त्या लग्नाचं पुढे जे झालं त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आता खरं नातं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात ती मेरेडिथला सांगते की क्लिनिकच्या फॉर्मवर जवळच्या माणसाचं नाव लिहायचं होतं, मी तुझं लिहिलं, तू माझं माणूस आहेस. प्रेम व्यक्त करायची ही तऱ्हा! मिठी मारली तर अंग चोरते. दहा सीझन ही दोघींचीच गोष्ट आहे, पुरुष येऊन जाऊन असतात. म्हणूनच दहाव्यातलं त्यांचं भांडण मला बर्क आणि ओवेनच्या सगळ्या प्रकरणांपेक्षा जास्त लागलं. क्रिस्टिना मेरेडिथला तोंडावर सांगते की मुलंबाळं झाल्यापासून तू मागे पडलीस, आणि मग थ्रीडी प्रिंटरवरून दोघींची जुंपते. दोघींचंही खरं आहे, म्हणून ते बघवत नाही. सर्जरी आणि संसार यांत कुणी काय निवडलं यावर इतकं उघडं, इतकं कडवट बोलणं दोन मैत्रिणींमध्ये मी टीव्हीवर फार कमी पाहिलंय.

त्याच सीझनमध्ये एक भाग आहे, त्यात तिची दोन संभाव्य आयुष्यं दाखवतात. एकात ती मुलं होऊ देते आणि आतून कोमेजते. दुसऱ्यात मूल नाही, कामात नाव होतं, पण ओवेन दारूत बुडतो. म्हणजे ओवेनबरोबरच्या कुठल्याच वाटेवर सुख नाही. लेखकांनी तिला बरोबर ठरवलं नाही आणि शिक्षाही केली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

शेवट मात्र मला थोडा सोयीचा वाटला. सर्जरीतला मोठा पुरस्कार तिच्या हातून हुकतो, तोही संस्थांच्या राजकारणात. आणि मग इतक्या वर्षांनी झुरिकमध्ये बर्क उगवतो आणि अख्खं हॉस्पिटल तिच्या हवाली करतो. ज्याने मोडलं त्यानेच भरपाई द्यायची, हिशेब चुकता! पण मे २०१४ चा तो निरोपाचा भाग मी तरीही दोनदा पाहिला. जाता जाता ती मेरेडिथला म्हणते की डेरेक स्वप्नातला असेल, पण सूर्य तो नाही, तू आहेस. मग दोघी नाचतात आणि ती निघते. विमानतळावर धावत येणारा नवरा नाही, गळ्यात पडून रडणं नाही. तेव्हाही तुला दगड वाटली तर फोन कर, मग रीतसर भांडू.

तुझीच,
शुभा

ता. क. नवव्या सीझनमध्ये मिनेसोटातले म्हातारे डॉ. थॉमस येतात, त्यांचे भाग पळवू नकोस. सगळे त्यांना जुनाट म्हणून हसतात, क्रिस्टिनाही आधी हसते, आणि नंतर त्यांच्याशी जितकी मोकळी होते तितकी दोन्ही पुरुषांशी झाली नाही. ते काम करणारे विल्यम डॅनियल्स १९८० च्या दशकात 'सेंट एल्सव्हेअर' मालिकेत हार्ट सर्जनच होते. ऑपरेशनच्या सीनमध्ये ते ज्या मुरलेपणाने चाकू धरतात त्यात तुला एखादी चूक सापडते का ते बघ, मला तर काही कळत नाही.